‘बनगरवाडी’वर बोलायचं ठरवलं तेव्हा : अर्जापासून अहवालापर्यंत

आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी कुणीतरी एका पुस्तकावर बोलतं. बोलणारे बहुतेक रिटायर्ड प्राध्यापक, नाहीतर बाहेरगावचे पाहुणे. ८ फेब्रुवारी २०२५ च्या शनिवारी मी बोलले, व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. माझा आणि माइकचा संबंध आत्तापर्यंत वार्षिक सभेत ‘सभासदांनी सह्या करून आत बसावे’ एवढाच. त्यानंतर दोघीतिघींनी विचारलं की अगं हे कसं जमवलंस, कुणाला भेटायचं, पैसे किती लागतात, आणि एवढ्या दुःखाच्या पुस्तकावर लोकांसमोर बोलताना घसा नाही का दाटत, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आमचं गाव कराडजवळ. कृष्णाकाठ, चारी बाजूला ऊस, बारा महिने पाटाला पाणी. अशा गावात माणदेशातल्या दुष्काळाची कादंबरी घेऊन उभं राहायचं म्हणजे काय ते पुढे येईलच.

सुरुवात झाली १५ ऑक्टोबरला. त्या दिवशी वाचन प्रेरणा दिन असतो, कलामांची जयंती, तर वाचनालयात टेबलं मांडून पुस्तकं लावली होती. त्यात ‘बनगरवाडी’ दिसली, कव्हर निघालेलं, मधली पानं चिकटपट्टीने जोडलेली. मी ग्रंथपाल ताईंना सहज म्हटलं की याच्यावर कुणी बोलत का नाही इथे. त्या म्हणाल्या, तुम्हीच बोला की, अर्ज द्या. मला वाटलं चेष्टा करतायत. तर त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागदच काढून दिला.

अर्ज साधाच असतो. मा. कार्यवाह यांना, विषय, आपला सभासद क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन, साधारण किती वेळ बोलणार, काय काय साहित्य लागेल. सोबत मुद्द्यांचं एक पान जोडावं लागतं. दोन प्रती करा आणि एकीवर पोचेचा शिक्का आणि तारीख घ्या, हे मी कॅशियर आहे म्हणून सांगतेय असं समजा, पण पुढे उपयोग होतो. आमचं वाचनालय ‘ब’ वर्गातलं, शासनाचं अनुदान घेणारं, त्यामुळे प्रत्येक कार्यक्रम कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ठेवून ठराव करूनच होतो. नोव्हेंबरची बैठक झालीच नाही, कारण २० तारखेला विधानसभेचं मतदान आणि निम्मं मंडळ कुणाच्या ना कुणाच्या प्रचारात. डिसेंबरात बैठक झाली, तिथे एका सदस्यांनी हरकत घेतली म्हणे. एवढं जुनं पुस्तक कशाला, सिनेमासुद्धा येऊन गेला, त्यापेक्षा तरुणांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी घ्या. ‘प्रेरणा’ हा शब्द आला की माझं डोकं जरा फिरतंच, पण मी त्या बैठकीत नव्हते म्हणून बरं. ग्रंथपाल ताईंनीच किल्ला लढवला. ठराव झाला, तारीख मिळाली.

इथे एक टिप. तोंडी तारखेवर विसंबू नका, ठरावाचं पत्र हातात घ्या. हॉल एकच असतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्याला हळदीकुंकवाची मागणी तुफान. माझी तारीख रथसप्तमीनंतरची होती (ती त्या वर्षी ४ फेब्रुवारीला होती), तरी एका मंडळाने ८ तारखेसाठी विचारणा केलीच. पत्र होतं म्हणून निभावलं.

आता पुस्तकाबद्दल, कारण ज्यांनी वाचलं नाही त्यांना पुढचं कळणार नाही. ‘बनगरवाडी’ १९५५ ची, मौज प्रकाशनाची. माडगूळकर तेव्हा जेमतेम अठ्ठावीसचे. कोवळ्या वयाचा एक मास्तर, राजाराम विठ्ठल सौंदणीकर, औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर शाळा चालवायला जातो. वाडी म्हणजे थोडीशी घरं, मेंढरं, माळ. शाळा बंदच पडलेली. म्हातारा कारभारी तिथला कर्ता, त्याच्या शब्दाबाहेर कुणी नाही. मग एकेक माणूस येत जातं. आनंदा रामोशी, आयबू, शेकू, कारभाऱ्याची पोर अंजी. मास्तर वाडीचा लिहिणारा-वाचणारा होतो, भांडणं सोडवतो, सगळ्यांना हाताशी धरून तालीम बांधून घेतो, तालमीला खुद्द राजेसाहेब येतात. आणि मग पाऊस येत नाही. बस, एवढंच. दीडशेच्या आतबाहेर पानं आहेत, दोन बैठकांत वाचून होतं, आणि नंतर चांगले आठ दिवस कशात लक्ष लागत नाही.

मला हे पुस्तक निवडायचं कारण अगदी सरळ आहे. यात कुणी रडत नाही आणि लेखक कुणाला रडवायला बसलेला नाही. माणसं मरतात, घरं रिकामी होतात, आणि तो ते अशा सुरात सांगतो की आज बाजाराला गेलो होतो, येताना उशीर झाला. त्यामुळे ते जास्तच लागतं. पण हे स्टेजवरून सांगायचं कसं? ‘अत्यंत हृदयद्रावक’ म्हटलं की संपलंच सगळं. लोक मान डोलावतात आणि मनात रात्रीच्या भाजीचा विचार करतात.

डिसेंबरअखेर तयारीला लागले. वाचनालयाची प्रत फाटकी, म्हणून स्वतःची विकत घेतली. माझा सल्ला असा की बोलायचं असेल तर प्रत स्वतःचीच हवी, कारण पेन्सिलने खुणा कराव्या लागतात आणि वाचनालयाच्या पुस्तकावर खुणा करणाऱ्यांबद्दल माझी मतं फार चांगली नाहीत. पहिल्यांदा नुसती वाचली. मग पुन्हा वाचताना कुठे थांबले तिथे समासात रेघ मारत गेले. पतसंस्थेतून यायला सहा वाजतात, स्वयंपाक, पोराचा अभ्यास, म्हणजे खरं वाचन रात्री साडेदहानंतर.

नवऱ्याला म्हटलं एका रविवारी औंधला जाऊन येऊ. औंध म्हणजे आपलं सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, पुण्यातलं नव्हे. हे सांगायचं कारण पतसंस्थेत ज्याला ज्याला सांगितलं त्यांतल्या निम्म्यांनी ‘तिकडे हिंजवडीचं ट्रॅफिक असेल’ म्हणून काळजी व्यक्त केली. यमाईचं दर्शन घेतलं, राजेसाहेबांनी उभं केलेलं संग्रहालय बघितलं. भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचे राजे, चित्रकार, आणि १९३९ मध्ये आपल्या हाताने प्रजेला राज्यकारभार देऊन टाकणारे. आटपाडी तेव्हा याच संस्थानात होती, आता सांगली जिल्ह्यात. माडगूळकरांचं माडगुळं आटपाडीच्याच बाजूला. ते स्वतःही पोरसवदा वयात अशाच एका वाडीवर मास्तर होते. हे सगळं डोक्यात बसल्यावर तालमीचं प्रकरण एकदम वेगळं वाचता येतं. व्यायामाचं वेड असलेला राजा, त्याच्या राज्यातल्या टोकाच्या वाडीवर लोकांनी आपणहून तालीम बांधली, तर तो येणारच की. भाषणात यातलं मी फार तर दोन वाक्यं बोलले. पण पोटात असलं की बोलताना धीर येतो.

खरी दिशा मिळाली ती घरात. माझ्या सासूबाई, आम्ही आत्या म्हणतो त्यांना, माहेर दहिवडीकडचं, म्हणजे माण तालुका. शाळा दुसरीपर्यंत. जानेवारीतली एक संध्याकाळ, त्या स्वयंपाकघरात खाली बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या, मी कणीक मळून ठेवलेली, म्हटलं जरा ऐका हो, वाचून दाखवते, कुठे कंटाळा आला तर सांगा. शेकूचा प्रसंग काढला. शेकूकडे एकच बैल आहे. दुसरा मिळत नाही. तर त्याची बायको जुवाखाली आपला खांदा देते, एकीकडे बैल आणि एकीकडे ती, आणि औत चालतं. मी वाचताना माझाच आवाज कापायला लागला. वर बघितलं तर आत्या शेंगाच सोलतायत. मी म्हटलं, आत्या, काही वाटलं नाही तुम्हाला?

“काय वाटायचंय? बैल न्हाई म्हटल्यावर काय करंल ती? वापसा काय थांबतुया व्हय बैलासाठी?”

(वापसा म्हणजे पावसानंतर रान पेरणीजोगं होतं ती वेळ.) आणि परत शेंगा. मग दोन मिनिटांनी आपणहून सुरू झाल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या आईबरोबर खडी फोडायला जायच्या, दुष्काळी कामावर. सुकडी मिळायची, म्हणजे सरकारी मदतीचा कोरडा खाऊ. लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या भाकरी, त्या घशाखाली उतरायच्या नाहीत. धाकटा भाऊ त्या भाकरीला बघून पळून जायचा आणि आई त्याला धरून आणायची. हे सांगताना त्या हसत होत्या. अहो खरंच हसत होत्या, भाऊ कसा पळायचा त्याची ॲक्टिंग करून दाखवली. त्यांच्या लग्नापासून आमच्या घरात आहेत, मी गेली चौदा वर्षं सून आहे, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

त्या रात्री मी मुद्द्यांच्या कागदावरची सगळी विशेषणं खोडली. हृदयस्पर्शी, विदारक, करुण, सगळी. ठरवलं की जिथे लेखक सरळ बोलतो तिथे मीही सरळ बोलायचं, आवाज चढवायचा नाही, थांबायचं तर मुकाट थांबायचं. शेकूच्या प्रसंगानंतर मी काहीच स्पष्टीकरण द्यायचं नाही, आत्यांचं ते वाक्य तेवढं सांगायचं. त्यांची परवानगी घेतली. म्हणाल्या, माझं नाव घ्यायचं न्हाई फक्त.

दुसरी मदत झाली शेतात. दिवाळीनंतर माणदेशातले धनगर मेंढरं घेऊन आमच्या पट्ट्यात उतरतात, काही पुढे कोकणात जातात, पावसाळ्याच्या तोंडावर परत फिरतात. ऊस तुटून गेला, रान मोकळं झालं की शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात. रात्रीप्रमाणे पैसे ठरतात, वर धान्य. चुलत दिरांच्या रानात त्या आठवड्यात कळप बसलेला. मी गेले तेव्हा सकाळी वाघर काढायचं काम चाललेलं, म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती जाळी, आणि एक बाई घोड्यावर बिऱ्हाड चढवत होती, भांडी, गोधड्या, कोंबडीचं खुराडं, सगळ्यात वर दोरीने बांधलेलं कोकरू. मी उगाच कादंबरीतलं काही विचारायला गेले नाही, ते विचित्र झालं असतं. पाणी कुठलं, पोरं कुठे असतात शाळेला, एवढंच बोललो. मोठा मुलगा गावाकडे आजीपाशी राहून आठवीला, धाकटी सोबत. धाकटीची शाळा? ‘बगू की’ म्हणाली आणि घोड्याचा पट्टा आवळला. बनगरवाडीतल्या मास्तरापुढे पहिल्याच दिवशी हाच प्रश्न होता, पोरं मेंढरांमागे गेली तर शाळेत कोण बसणार. सत्तर वर्षं झाली पुस्तकाला.

आता थोडी कोरडी कामं, जी कुणी सांगत नाही.

उतारे वाचून दाखवायचे तर परवानगी लागते का, हा प्रश्न मला फार छळत होता. माडगूळकर गेले २००१ मध्ये, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे पुस्तक अजून हक्कात आहे. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये सवलत आहे, प्रसिद्ध पुस्तकातला माफक उतारा लोकांसमोर वाचून दाखवता येतो. वकिलीण मैत्रिणीला विचारून खात्री करून घेतली. ती म्हणाली लेखकाचं नाव घे, छोटे उतारे वाच, पानंच्या पानं झेरॉक्स करून वाटू नकोस आणि वाचनाचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवू नकोस. मी तीन उतारे घेतले, प्रत्येक दीड-दोन मिनिटांचा. मास्तर पहाटेच्या अंधारात वाडीकडे चालत निघतो ती सुरुवात, शेकूची बायको, आणि दुष्काळ लागल्यावरचा एक छोटा तुकडा. ते मोठ्या अक्षरात लिहून पुस्तकातच घडी करून ठेवले, कारण हॉलचा उजेड कसा असेल सांगता येत नाही आणि चष्म्याचा नंबर माझाही वाढलाय. लोकांना हातात पुस्तकच दिसलं पाहिजे, कागद दिसले की ते भाषण वाटतं.

विक्रीसाठी प्रती हव्यात हे ग्रंथपाल ताईंनी सुचवलं. कराडातल्या एका दुकानदाराने दहा प्रती दिल्या, राहिल्या तर परत या बोलीवर, पंधरा टक्के सवलत. ही बोली चिठ्ठीवर लिहून घ्या आणि प्रती नेताना-आणताना कोपरे दुमडणार नाहीत असं बघा, नाहीतर परत घेत नाहीत.

मोबाईलवर रेकॉर्ड करून वेळ बघितली तर पंचावन्न मिनिटं होत होती. चाळीसच्या वर कुणी ऐकत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे, मी स्वतः ऐकत नाही. लेखकाचा परिचय कापला. त्यांचं ‘माणदेशी माणसं’ हे पुस्तक, आकाशवाणीची नोकरी, ‘सत्तांतर’ कादंबरीला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार, गदिमांचे धाकटे भाऊ, हे सगळं शेवटी कुणी विचारलं तर, असं ठेवलं. शेवट सांगायचा की नाही यावर बरंच डोकं खाल्लं. दुष्काळ पडतो हे लपवण्यात अर्थ नव्हता, ते गुपित नाहीच. पण कारभाऱ्याचं काय होतं ते मी सांगितलं नाही, इथेही सांगत नाही. ज्याला वाचायचंय त्याला तिथे एकट्याने पोचू दे.

निमंत्रणावरून जरा वाजलं. मंडळातल्या एकांनी व्हॉट्सॲपवर टाकायला मजकूर केला तो असा, ‘काळीज पिळवटून टाकणारी कादंबरी, रुमाल घेऊन या’ आणि खाली सहा रडके इमोजी. मी फोन करून अगदी गोड आवाजात म्हटलं, काका, नुसतं पुस्तकाचं नाव, तारीख, वेळ एवढंच ठेवूया का. ते नाराज झाले, पण बदललं. इमोजी दोन राहिले.

८ तारखेला कार्यक्रम पाचला. बारावीची परीक्षा ११ तारखेपासून, त्यामुळे ज्यांच्या घरी बारावी ते येणार नव्हतेच, हे मला तारीख घेताना लक्षात आलं असतं तरी दुसरी तारीख मिळाली नसती. पाचला हॉलमध्ये आम्ही घरचे, ग्रंथपाल ताई आणि माइकवाला. सव्वापाचपर्यंत बऱ्यापैकी खुर्च्या भरल्या. प्रमुख पाहुणे यायचे होते. ते आले पावणेसहाला. मग दीपप्रज्वलन, काडेपेटी शोधणं, स्वागत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं मनोगत (त्यात वाचनसंस्कृतीचा ऱ्हास, मोबाईल, आजची पिढी, सगळं यथासांग), आणि मला माइक मिळाला सहा वाजून वीस मिनिटांनी. सूत्रसंचालक कानात म्हणाले, ताई, सातला संपवा हं, साडेसातला कीर्तन आहे शेजारी. म्हणून सांगते, चाळीस मिनिटांचं भाषण असेल तर पंचवीस मिनिटांचंही मनात तयार ठेवा. कोणते मुद्दे गाळायचे ते आधीच ठरलेलं असलं की ऐनवेळी चांगलं तेच गाळलं जात नाही.

पहिल्या दोन मिनिटांत पाय थरथरत होते, पोडियम होतं म्हणून दिसलं नाही. मी नमस्कार करून थेट पहाटेचा उतारा वाचायला घेतला. अंधारात चालत निघालेला पोरगा, नवी नोकरी, अनोळखी माळ. हे बरं पडलं, कारण ती वाक्यं माझी नव्हती, मला फक्त नीट वाचायचं होतं. तोवर श्वास जागेवर आला. मग कारभारी, मग मास्तराने अंजीसाठी आणलेल्या चोळीचं प्रकरण, त्यावरून कारभाऱ्याच्या मनात आलेली अढी, तालीम. मागच्या रांगेतून आयबूच्या नावाला हसू आलं, कुणीतरी आधी वाचलं होतं.

शेकूचा उतारा वाचला आणि पुस्तक मिटलं. काही न बोलता आत्यांचं वाक्य सांगितलं. “वापसा काय थांबतुया व्हय बैलासाठी?” आधी थोडे लोक हसले, सवयीने, गावरान बोलणं आलं की हसतात तसे. मग हसू थांबलं. पुढच्या रांगेत ऊसवाले बागायतदार बसले होते, ट्रॅक्टरवाले, त्यांतले एक गृहस्थ खाली बघायला लागले. मी थांबले आणि मग पुढे गेले. घसा दाटला का? दाटला, दुष्काळाच्या उताऱ्याला. त्याला उपाय म्हणजे एक घोट पाणी आणि पुढच्या वाक्याच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवणं. बोट ठेवलं की डोळ्यांना काम मिळतं.

सात वाजता संपवलं, पण प्रश्न सव्वासातपर्यंत चालले, कीर्तनकार बुवांची क्षमा असावी.

एका सरांनी विचारलं सिनेमा चांगला की पुस्तक. अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५ चा, पटकथा स्वतः माडगूळकरांची, तो जरूर बघा, पण माळावरचा शुकशुकाट पुस्तकात जास्त ऐकू येतो असं मी म्हटलं. एक निवृत्त गुरुजी उठले, जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेवर होते पाटणच्या डोंगरात. त्यांना प्रश्न नव्हता विचारायचा. ते म्हणाले वाडीवरचा मास्तर म्हणजे पोस्टमन, कंपाउंडर, पंच आणि पत्र लिहिणारा, पगार फक्त मास्तरकीचा. टाळ्या त्यांना मिळाल्या, रास्तच होत्या.

मग मागून एक तरुण उठला. धनगर समाजातला, आयटीआय करून कराडच्या एमआयडीसीत लागलेला. त्याने विचारलेला प्रश्न मी अजून घोळवतेय. म्हणाला, ताई, मास्तर बाहेरून आला, त्याने वाडी बघितली, त्याने लिहिली, आणि शेवटी तो गेला. वाडीतलं कुणी का नाही सांगत ही गोष्ट? शेकूच्या बायकोला तर तुम्ही वाचलेल्या उताऱ्यात नावानेसुद्धा हाक नाही, शेकूची बायकोच म्हणतायत सगळे.

मी काही सेकंद गप्प. मग म्हटलं बरोबर आहे तुमचं. मास्तर किती आपला झाला तरी त्याला बदली आहे आणि वाडीला नाही. पुस्तकाचं मोठेपण मला यात वाटतं की तो हे लपवत नाही, आपण वाडीचे झालो असा आव आणत नाही. पण त्याने तुमचा प्रश्न मिटत नाही, वाडीने स्वतः लिहिलेलं पुस्तक वेगळंच असेल. तो ‘हां’ म्हणाला आणि बसला. समाधान झालेलं दिसलं नाही, आणि माझंही झालं नव्हतं. पाहुण्यांनी अध्यक्षीय समारोपात ‘सकारात्मक चर्चा’ म्हणून विषय गुंडाळला.

पुस्तकं सात गेली. तीन परत केली, दुकानदाराने कोपरे तपासून घेतली.

खर्चाचा हिशेब, कारण हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. हॉलला सभासदांकडून भाडं नाही, पण वीज आणि सफाईचे ३०० रुपये. माइकवाला ५००. चार बाय तीनचा बॅनर २४०. चहा-बिस्किटं ६५०. झेरॉक्स-बिरॉक्स ४०. शाल-श्रीफळ वाचनालयाने केलं. बॅनर आणि चहा मी दिला, बाकी त्यांनी. मानधनाचं पाकीट देत होते ते मी घेतलं नाही, त्याऐवजी फाटक्या प्रतीच्या जागी नवीन प्रत घ्या म्हटलं. घेतली त्यांनी, दाखल रजिस्टरला नोंदही झाली.

कार्यक्रमानंतरही काम असतं हे माहीत नव्हतं. एक पानी अहवाल, चार फोटो, उपस्थितांच्या सह्यांचा कागद, आणि वर्तमानपत्रात बातमी आली तर कात्रण, हे सगळं फाइलला लागतं. अहवाल त्याच आठवड्यात द्या, नंतर कंटाळा येतो. फोटो काढायला कुणालातरी आधीच सांगून ठेवा, आमच्या फोटोंत पाहुणे नऊ ठिकाणी आणि मी दोन ठिकाणी आहे, त्यातल्या एकात डोळे मिटलेले.

आत्या हॉलमध्ये आल्या नव्हत्या, गुडघ्यांमुळे. पण त्यांना पुढचं ऐकायचंय, त्यामुळे सध्या रात्री जेवणं झाली की थोडं थोडं वाचून दाखवते. मध्येच थांबवून त्या दुरुस्त्या सांगतात. मेंढरू असं कुणी धरत न्हाई, वगैरे. माडगूळकरांनी बरोबरच लिहिलंय, मला वाचताना नीट कळलेलं नसतं.

आणि त्या तरुणाला मी वाचनालयातच गाठलं, म्हटलं एप्रिलची तारीख रिकामी आहे, तुम्ही बोला. तो म्हणाला पुस्तक कुठलं घेऊ ते ठरत नाही. म्हटलं ते सावकाश ठरवा, आधी अर्ज टाका, बैठक पंधरा तारखेच्या आसपास असते आणि विषय वेळेत गेला नाही तर महिना पुढे जातो. अर्जाचा मसुदा माझाच दिला त्याला, नाव आणि सभासद क्रमांक बदलून. पोचेचा शिक्का घ्यायला सांगितलंय.